उभ्या गाडीचा क्लेम

बिंदू चौकाजवळ लावलेली बुलेट आडवी पडलेली. कुणीतरी रिव्हर्स घेताना पाडून पसार झालेला. टाकीला हा एवढा पोचा, हँडल वाकडं, इंडिकेटर वायरीला लोंबतोय. पानवाला म्हणाला, "पांढरी चारचाकी हुती भावा, नंबर काय बघितला न्हाई."

मेव्हण्यानं फोनवर बजावलं: आधी फोटो काढ, कंपनीला कळव, सर्व्हे होईपर्यंत एक नटसुद्धा हलवू नको. नुसता थर्ड पार्टी विमा असता तर दमडी मिळाली नसती; नशीब, ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारं कव्हर होतं. उद्यमनगरातल्या गॅरेजात सर्व्हेअर आला, पोच्यावरनं बोट फिरवलं आणि लेग गार्डचा गंज बघून म्हणाला, "हे जुनं आहे." बरोबरच होतं म्हणा.

खरी गंमत बिलात. धातूच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणं घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, पण प्लॅस्टिक-रबराला सरसकट 50 टक्के कात्री. वर सक्तीची वजावट, म्हणजे आपणच सोसायची रक्कम, 100 रुपये. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. तो पहिल्या वर्षाला 20 टक्के, पाच वर्षं क्लेम नसेल तर 50. नुसता इंडिकेटर तुटला असता तर खिशातनंच भागवलं असतं. टाकीमुळं क्लेम परवडला. यंदा नूतनीकरणाला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर घेतलंय.