पिशवी काढण्याआधी

२०२१ च्या दिवाळीत मी ४६ वर्षांची होते. वसुबारसेला पाळी आली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी ती थांबायचं नाव घेईना. त्याआधीचं वर्षभर कधी वीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी असं चाललेलंच होतं. पण रक्ताच्या मोठाल्या गाठी पडणं आणि दर तासाला पॅड बदलावं लागणं हे नवीन होतं. मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सहावी-सातवीचे वर्ग घेते. त्या दिवसांत मी फक्त गडद साड्या नेसायचे, खुर्चीवर घडी घातलेली ओढणी टाकून बसायचे आणि शाळेतलं स्वच्छतागृह टाळता यावं म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हते. जिना चढताना धाप लागायची. वयच झालं, असं वाटायचं.

एके दिवशी फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा हे मला दवाखान्यात घेऊन गेले. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. बाईचं किमान १२ असावं लागतं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीचं अस्तर १५ मिलिमीटर आणि पिशवीत २ सेंटिमीटरची एक गाठ (फायब्रॉइड) दिसली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून मान वर केली आणि म्हणाले, "मुलं झाली ना तुमची? मग आता पिशवीचं काय काम? ठेवली तर पुढेमागे कॅन्सर व्हायचा. काढून टाकू." सगळं मिळून पाच-सहा मिनिटं झाली असतील. पुढच्या गुरुवारची तारीखही दिली. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर ह्यांनी काही विचारलंच नाही. घरी येऊन एफडी मोडायची तयारी सुरू केली. सासूबाई म्हणाल्या, "माझीही काढलीच आहे की. कटकट मिटते."

मीही तयार झाले होते, हे खरं आहे. मला थांबवलं ते माझ्या धाकट्या जावेने. तिची पिशवी ३४ व्या वर्षी काढली, आणि पिशवीसोबत दोन्ही बीजकोशही, म्हणजे अंडाशय. बीजकोश काढल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काही वर्षांनी डिस्चार्ज कार्ड तिच्या मुलीने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं. ऑपरेशननंतर महिन्याभरातच तिला अंगातून गरम वाफा यायला लागल्या होत्या. रात्ररात्र झोप नसायची. ४४ व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले की हाडं साठीच्या बाईसारखी झालीत. ती फोनवर मला एवढंच म्हणाली, "ताई, सही करायच्या आधी एकदा दुसरीकडे दाखवा."

बीजकोश असे अचानक काढले की पाळी हळूहळू जायचा काळ मिळतच नाही. त्यांच्यातून येणारी हार्मोन्स एकदम बंद होतात आणि हाडांचं, हृदयाचं संरक्षण कमी होतं. हे मला नंतर समजलं. पण तिचा फोन आला तेव्हा मला बीडच्या बायका आठवल्या. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना ऊसतोडीसाठी तिकडून मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं हंगामात आमच्याकडे शाळेत बसतात. पाळीत काम चुकलं की खाडा धरून मजुरी कापली जाते, म्हणून या बायका ऐन तिशीत पिशवी काढून येतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तो आकडा वर्तमानपत्रात वाचून मी हळहळले होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी, बी.एड. झालेली बाई, तीच सही करायला निघाले होते.

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणूस मिरजेला जातो. एसटीचा संप चालू होता, म्हणून वडापच्या जीपने सांगली आणि तिथून पुढे मिरज असे गेलो. डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पाळीच्या तारखा विचारल्या. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर फुल्या मारत असे. ते अख्खं कॅलेंडरच गुंडाळून पिशवीत टाकून नेलं होतं, ते टेबलावर पसरलं. त्या एकेक महिना बघत गेल्या. किती दिवस, किती पॅड, गाठी कधीपासून, आईची पाळी कोणत्या वर्षी गेली, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, वजन, साखर, थायरॉइड, सगळं विचारलं.

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असं नसतं. बीज बाहेर पडलं नाही तर अस्तर आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, पण अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन चालूच राहतं. माझ्या माहेरी द्राक्षबाग आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, "खत-पाणी चालू आहे आणि छाटणी होत नाही, अशी बाग डोळ्यांपुढे आणा. अस्तर वाढतच राहतं आणि मग एकदम कोसळतं." एवढ्या वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. सातवीच्या मुलींना मासिक पाळीचा पाठ मी शिकवते, पण पाळी सुरू कशी होते इथेच तो पाठ संपतो. ती जाते कशी, हे आम्हा शिकवणाऱ्यांनाही कुठे माहीत असतं?

गाठीबद्दल त्या म्हणाल्या की इतकी लहान गाठ या वयात पुष्कळ बायकांना असते आणि पाळी गेली की बहुतेकदा आक्रसते. तिचा कॅन्सर होणं फार दुर्मीळ. अस्तराची मात्र खात्री करून घ्यायला हवी, म्हणजे तिथला तुकडा तपासायला हवा. "तुकडा न तपासता पिशवी काढायचं कशाच्या जोरावर ठरवायचं?" हे त्यांचं वाक्य मी आजवर कितीतरी जणींना ऐकवलं आहे.

तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी, आणि त्या शब्दालाच मी घाबरले होते. प्रत्यक्षात भूलसुद्धा द्यावी लागली नाही. पेनाच्या रिफिलसारखी बारीक नळी आत घालून अस्तराचा अंश ओढून घेतला. मिनिटभर ओटीपोटात जोरात कळ आली, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी, आणि संपलं. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड आणि पिशवीच्या तोंडाची पॅप स्मिअर तपासणीही त्याच दिवशी झाली. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मात्र फार कठीण गेले. देवापुढे दिवा लावताना हात थरथरायचा.

अस्तर जाड झालेलं होतं, पण पेशींमध्ये वाईट बदल नव्हता. अशा अस्तराचा कॅन्सर होण्याचं प्रमाण वीस वर्षांत शंभरात पाचापेक्षाही कमी असतं, आणि त्यावर औषध आहे. मला हार्मोनची तांबी बसवली. आपण नेहमी म्हणतो त्या तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. ही वेगळी. ती रोज थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध पिशवीच्या आतच सोडत राहते आणि अस्तर पातळ ठेवते. लोहाची इंजेक्शनं सलाइनमधून घेतली. पहिले चार महिने रोज थोडं थोडं अंगावरून जायचं, आणि मी वैतागून दोनदा "काढून टाका ती" म्हणायला मिरजेला गेले. दोन्ही वेळा त्यांनी धीर धरा म्हणून परत पाठवलं. सहाव्या महिन्यात पुन्हा तुकडा तपासला, तो नॉर्मल आला. हिमोग्लोबिन १२.१. जिना चढताना लागणारी ती धाप वयाची नव्हतीच.

पुढची दोन वर्षं बरी गेली. ४९ व्या वर्षी वाफा सुरू झाल्या. छातीतून निघून मानेवर, तोंडावर चढायच्या, भर थंडीत ब्लाउज भिजायचा. रात्री तीनला जाग यायची ती परत डोळा लागायचाच नाही. हजेरी घेताना मुलांची नावं विसरायला लागले, तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली. छातीत धडधड व्हायची म्हणून ईसीजी काढला, तो ठीक होता. तांबीमुळे पाळी जवळजवळ येतच नव्हती, त्यामुळे बारा महिने पाळी न येणं ही रजोनिवृत्तीची नेहमीची खूण मला लागू पडत नव्हती. वय आणि त्रास यांवरूनच डॉक्टरांनी निदान केलं.

हार्मोन्स घ्यायला मी आधी नकार दिला. हार्मोनने कॅन्सर होतो, हे मनात पक्कं बसलेलं. ही भीती बरीचशी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली, आणि स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार असं काही नसलं, तर बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त ठरतो. धोका शून्य आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणूनच माझा विश्वास बसला. स्तनांची मॅमोग्राफी आणि बीपी बघून इस्ट्रोजेनची जेल सुरू केली, रोज दंडाला चोळायची. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, अस्तर पुन्हा वाढतं म्हणून. माझ्या बाबतीत ते राखायला तांबी आधीच आत होती. महिन्याभरात मी सलग सहा तास झोपले.

एक गोष्ट मी स्वतःहून कधीच बोलले नसते. त्यांनीच सरळ विचारलं, "नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो का?" मला रडू आलं. दोन वर्षं मी ह्यांना काही ना काही कारण सांगून टाळत होते, आणि त्यांना वाटत होतं मी रागावले आहे. तो कोरडेपणा आहे, वारंवार होणारी लघवीची जळजळही त्यातलीच आहे, आणि त्यावर लावायचं साधं क्रीम मिळतं, हे तिथे कळलं. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे १.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. म्हणजे मी मधल्या पायरीवर आहे. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, रोज चालणं आणि आठवड्यातून तीनदा वाळूच्या बाटल्या घेऊन हाताचे व्यायाम, एवढं करते. जावेलाही मिरजेला नेलं. तिला हाडांसाठी औषध सुरू झालं, बऱ्याच उशिरा.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आमच्या बचत गटातल्या बायकांशी या सगळ्यावर बोलले. आम्ही २६ जणी होतो आणि पिशवी काढलेल्या ११. तुकडा तपासला होता का, हे त्यातल्या एकीलाही सांगता आलं नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने विनाकारण होणारी ही ऑपरेशनं थांबवण्यासाठी २०२२ मध्ये सूचना काढल्या आहेत, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं, हे मी त्यांना सांगितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्या निघून गेल्यावर एकजण मागे थांबली. वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि महिन्यापूर्वी पुन्हा थोडंसं डागासारखं दिसलं होतं. "परत सुरू झाली, म्हणजे अंगात अजून ताकद आहे असं सासू म्हणते," ती म्हणाली. वर्षभर पाळी बंद राहिल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो तपासावा लागतो, हे मला मिरजेतच सांगितलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर ४ मिलिमीटरच्या आत असलं तर काळजी कमी असते. तिचं ११ होतं. तुकडा तपासला आणि त्यात पेशींचे वाईट बदल निघाले.

तिची पिशवी काढावी लागली. बीजकोश का काढायचे, हेही तिला आधी समजावून सांगितलं. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, बोट ठेवून तीन प्रश्न विचारले, आणि मग स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.