दोन मिलिमीटरचा किनारा

किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याच्या जनसुनावणीत नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा आमच्या वाडीतल्या एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांनी, आपले घर दाखवण्यासाठी त्यावर बोट टेकवले आणि बोटाखाली घरासकट सारी वाडी झाकली गेली. नकाशा १:२५,००० प्रमाणाचा होता. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर भरतो.

हे गणित सांगण्याचे कारण २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत आहे. १९९१ पासून ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामावर बंधने असलेला पट्टा, मानला जात असे. नव्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहत असतील, तर आराखडा मंजूर झाल्यावर हा पट्टा ५० मीटरवर येतो. त्याहून विरळ वस्ती असेल, तर २०० मीटर कायम राहतो. पन्नास मीटर म्हणजे त्या नकाशावर दोन मिलिमीटर, जेमतेम पेन्सिलीच्या दोन रेघा.

दाट वस्तीतल्या कोळी कुटुंबाला घराशेजारी खोली वाढवता येत नव्हती, ही अडचण खरी होती आणि ती सोडवायलाच हवी होती. मात्र सवलतीचा निकष म्हणून लोकसंख्येची घनता निवडणे मला पटत नाही, कारण जिथे माणसे जास्त तिथे समुद्र जवळ आला तर नुकसानही जास्त, आणि सवलत नेमकी तिथेच आहे. शिवाय पन्नास मीटरपलीकडे मोकळ्या होणाऱ्या जागेवर तांडेलाची खोली आधी उभी राहील की बाहेरच्या माणसाचे रिसॉर्ट, याचे उत्तर घनतेच्या आकड्यात नाही.

याहून गंभीर बाब धोका रेषेची आहे. किनाऱ्याची धूप आणि समुद्रपातळीतील वाढ लक्षात घेऊन आखायची ही रेषा २०११ च्या अधिसूचनेत नियमनाचा भाग होती. २०१९ मध्ये तिला आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवले, पण नियमनातून वगळले. त्यामुळे या रेषेच्या आत एखादे बांधकाम येत असेल, तरी केवळ तेवढ्या कारणाने ते अडवता येत नाही.

भरती रेषेची व्याख्या उधाणाच्या भरतीत पाणी जिथवर चढते त्यावरून केली आहे. तांडेल ती रेषा पुळणीवर उधाणाने सोडलेल्या शिंपल्यांच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून ओळखतात. नकाशावरची रेषा कोणत्या वर्षीच्या उधाणाची, एवढेच त्यांनी सुनावणीत विचारले. प्रश्न नोंदवून घेण्यात आला.

अधिसूचनेत स्थानिक वापरासाठी १:३,९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणाचे गावनकाशे करण्याची तरतूद आहे. त्यावर पन्नास मीटर सव्वा सेंटिमीटर भरतात आणि घर बोटाखाली हरवत नाही. आमच्या गावाचा तसा नकाशा मागणारा अर्ज आम्ही दिला आहे.