पागोळ्यांपासून कोयींपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहायच्या, अशी रीत आहे. आपल्या बालवाडीच्या बाबतीत मात्र आठवणींपेक्षा तिथल्या कृती लिहून ठेवलेल्या बऱ्या. खेळण्यांचं कपाट तिथं एकच, तेही अर्धं रिकामं. खरं साहित्य अंगणात पिकायचं आणि महिन्यागणिक बदलायचं. कोणत्या महिन्यात काय काढायचं, आदल्या दिवशी काय भिजत घालायचं आणि कुठं फसतं, हे बाईंना आणि मावशींना तोंडपाठ होतं. कागदावर मात्र ते कधी उतरलं नाही.

ही रीत काही आपल्या गावाची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. माँटेसरीची विकतची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया आणि पानं यांनाच साधन केलं. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. आपल्याकडची बालवाडी त्याच वळणाची.

वर्ष सुरू व्हायचं जूनमध्ये, रडण्यानं. नव्या मुलाला गोष्ट सांगून उपयोग नसतो, त्याला पाणी द्यावं लागतं. पसरट घमेलं, दोन वाट्या, एक गाळणी आणि नारळाची करवंटी एवढ्यावर बहुतेक मुलं शांत होतात. पाणी चार बोटंच असावं आणि मोठ्या माणसानं घमेल्याजवळून उठू नये.

पाऊस लागला की पागोळ्यांखाली काठीनं चर ओढायचे आणि होड्या सोडायच्या. वर्तमानपत्राची होडी लगेच बसते, कारण तो कागद पाणी पितो. जुन्या वहीचं पान बरं. घडी घालण्याआधी त्याच्या खालच्या बाजूवर मेणबत्ती घासली तर होडी चराच्या टोकापर्यंत जाते. तीन वर्षांच्या मुलाला होडीची घडी जमत नाही, ती बाईंनी घालायची. मेण घासण्याचं काम त्याचं. चर वळवणं, मध्ये दगड घालून पाणी तुंबवणं, मग दगड काढणं, यातच तासभर जातो आणि होडी कुठं गेली याची आठवणही राहत नाही.

आषाढात उकिरड्यापाशी आंब्याच्या कोयी उगवतात. त्यांची पुंगी. तांबूस कोंब आलेली कोय उपटायची, वरचं कवच काढायचं, आतल्या गराची एक कड ओल्या खडबडीत दगडावर तिरकी घासायची. दोन दलांमधली फट उघडी पडली की तिथं ओठ लावून फुंकायचं. वाजली नाही तर आणखी थोडं घासायचं. पण फार घासलं की फट रुंदावते आणि नुसती हवा जाते. कोंब वाढून रोप झालेली कोय घेऊ नये, तिची दलं मऊ पडलेली असतात. चव तुरट लागते, मुलं तोंड वाकडं करतात आणि तरी सोडत नाहीत.

बेंदराला मातीचे बैल. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर वाळताना आकसते आणि बैलाला भेगा पडतात. तीन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक वाळू, रात्रभर भिजवायची, सकाळी पायांनी तुडवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. हाताला चिकटली तर पाणी जास्त, गोळी वळताना कड फाटली तर कमी. मुलांच्या बैलांचे पाय हमखास गळतात. कारण एकच, वेगळा केलेला पाय नुसता दाबून चिकटवलेला असतो. दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावला तर सांधा धरतो. त्याहून सोपं म्हणजे एकाच गोळ्यातून चिमटीनं चार पाय ओढून काढणं. लहानांना हेच शिकवावं. बैल सावलीतच वाळवावेत. आषाढात त्याला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस कुणी हात लावू नये हा नियम पाळला जात नाही, म्हणून प्रत्येकाचे दोन बैल करवून घ्यावेत.

श्रावणात पानं. ठसा उठवायचा तर रंग पानाच्या पाठीला लावावा, शिरा तिथं उठून असतात. रंग बोळ्यानं थोपटायचा. ब्रशनं लावला की शिरांमधल्या खाचा भरतात आणि नुसता हिरवा डाग उमटतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट रंग येतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी. हा शेवटचा प्रकार लवकर दाखवू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावात एका झाडावर फूल राहत नाही.

पानं चिकटवायला खळ. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा थंड असतानाच कालवायचा आणि मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा. उकळत्या पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, बालवाडीत चालणार नाही. रोज ताजी करायची, उरली तर संध्याकाळी टाकून द्यायची.

आश्विनात हदग्याचा हत्ती. गुळगुळीत पाटावर धान्य घरंगळतं आणि फेराचा पहिला धक्का बसला की हत्तीची सोंड जाते. त्यापेक्षा गोणपाटावर खडूनं आकृती काढावी आणि मुलांना तांदूळ, मसूर, हरभरा, मूग भरायला द्यावे. गाणी झाली की धान्य एकत्र होतं. ते निवडत बसणं हा मोठ्या गटाचा दुसऱ्या दिवशीचा खेळ, आणि माझ्या मते मूळ खेळापेक्षा सरस. त्याच दिवसांत घटासारखी दोन मडकी पेरायची, एक अंधाऱ्या कोपऱ्यात, एक उन्हात. अंधारातले अंकुर उंच आणि पिवळे, उन्हातले ठेंगणे आणि हिरवे. यावर बाई भाषण करत नसत, मडकी नुसती शेजारी ठेवत. प्रश्न आपोआप येत.

किल्ल्याची सगळी कसरत वेळेची. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी सात-आठ दिवस तो उभा राहायला हवा, नाहीतर हिरवळ बघायला कुणीच नसतं. आत दगड-विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं. कोरड्या पोत्यावर चिखल थापला तर वाळल्यावर त्याच्या पापड्या सुटतात, म्हणून पोतं आधीच राडीत पूर्ण भिजलेलं हवं. मग अळीव. बहुतेक जण अळीव वाटीत भिजवतात आणि तिथंच फसतात. भिजल्यावर त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि तो पसरता येत नाही. कोरडा अळीवच ओल्या मातीवर भुरभुरायचा, तो स्वतःच चिकटतो. हातभर उंच किल्ल्याला दोन-तीन चमचे पुष्कळ. पाणी तांब्यानं ओतू नये, बी वाहून पायथ्याशी जमा होतं आणि किल्ला टकला राहतो. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला डबा घ्यावा. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्यात गवत.

थंडीत कोवळ्या उन्हात सावल्या. सकाळी दहाला मुलाच्या पायाभोवती खूण करून सावली खडूनं आखायची, बाराला त्याच खुणेवर उभं करायचं. पायाची खूण विसरली तर सगळं फुकट.

चिंचा झोडल्या की चिंचोके येतात. मोजायला, रांगा लावायला, आणि दगडावर घासून एक बाजू पांढरी केली की पटावरच्या खेळात दान टाकायलासुद्धा. तीन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नयेत, नाकात जातात. आणि बियांमध्ये दोन कायम वर्ज्य: गुंज आणि बिट्टी. गुंजेचा लाल-काळा दाणा मुलांना ओढून घेतो, पण फुटला किंवा चावला गेला तर जिवावर बेततं. बिट्टीच्या बिया सागरगोट्यांसारख्या खेळायला गोळा केल्या जातात, त्याही विषारी.

फाल्गुनात पळस. दोन मुठी वाळलेली फुलं लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळली की केशरी-पिवळा रंग मिळतो. शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. हळदीच्या पाण्यानं कागद रंगवून वाळवायचा आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी फिरवायची, रेघ लाल उमटते. चुन्यानंही लाल होते, पण चुना डोळ्यात गेला तर महागात पडतं, म्हणून साबणच. हळदीची चित्रं उन्हात लावू नयेत, फिकी पडतात.

आता पटांगणाच्या बऱ्याच भागावर फरशी आली आहे. बालवाडीच्या भिंतीलगत दहा बाय दहा फुटांचा तुकडा मातीचा राहिला, तर वरचं बहुतेक सगळं त्यात बसतं. एप्रिलअखेर चिंचोके राख लावून डब्यात ठेवावेत, पळसाची फुलं वाळवून कापडी पिशवीत. कोयी मात्र डब्यात ठेवू नयेत. वाळलेली कोय उगवत नाही. मे महिन्यात आंबा खाल्ला की त्याच दिवशी ती या तुकड्यात पुरावी, वर पालापाचोळा टाकावा आणि मावशींनी एक दिवसाआड तांब्याभर पाणी घालावं, म्हणजे आषाढात पुंग्या मिळतात.