अब्राहम डार्बी: फांद्या आडव्या केल्यावर

या वेळची नोंद एकट्या अब्राहम डार्बीची. डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाब-पैदासकाराचा १९८५ चा गुलाब. झुडूप म्हणून ओळखला जातो खरा, पण त्याच्या जन्मदात्यांपैकी एक ‘अलोहा’, म्हणजे वेलगुलाब. तो गुण याच्यात पुरेपूर उतरलाय. फांद्या सरळसोट वर जातात, फुलं फक्त शेंड्याला, आणि खाली नुसती काटेरी काठी. छाटून बुटकं ठेवलं तरी पुन्हा तसेच उभे फुटवे. म्हणून यंदा लांब फांद्यांना कात्री न लावता त्या वाकवल्या.

यामागचं शास्त्र सोपं आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना (जिथून नवा फुटवा निघतो त्या अंकुरांना) दबवून ठेवतं. फांदी आडवी झाली की शेंड्याची ही दादागिरी कमी होते आणि एरवी झोपून राहिले असते असे डोळेही फुटतात.

मुद्दाम तीन फांद्या तीन तऱ्हेने ठेवल्या. एक उभीच. दुसरी कमानीसारखी, शेंडा पार जमिनीकडे. तिसरी जवळजवळ आडवी, शेंडा किंचित वर. उभीचा निकाल नेहमीचाच. कमानीत गंमत झाली: सगळ्यात उंच जागी जो डोळा होता त्याने जोर धरला, तिथून एक जाडजूड फुटवा सरळ आभाळाकडे निघाला आणि त्यापुढच्या डोळ्यांना फारसं काही मिळालंच नाही. आडवीवर मात्र वरच्या अंगाला ओळीने लालसर टोकं दिसली. आधी गळालेल्या पानाच्या खुणेवर बारीक फुगवटा, मग तांबूस पानं, आणि आखूड फुटव्याच्या टोकाला कळी. माझं मत आता पक्कं आहे: कमान फोटोत छान दिसते, फुलं हवी असतील तर फांदी आडवीच हवी.

वाकवताना बुडाशी एका हाताचा आधार द्या आणि एका दमात खाली आणू नका. थोडी ओढायची, सुतळी बांधायची, काही दिवसांनी आणखी थोडी. कोवळा रसरशीत फुटवा बुडातून कडकन निसटतो, त्याला जून होऊ द्या. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल गाठ मारा. तार नकोच, साल कापते. (हातमोजे कोपरापर्यंतचे घ्या. याचे काटे दयामाया दाखवत नाहीत.)

पहिला बहर ओसरल्यावर आखूड फुटवे २-३ डोळ्यांवर कापले, मूळ फांदी तशीच बांधलेली. खत-पाणी नेहमीचंच. मधला भाग मोकळा झाल्याने पानांवरचं पाणी लवकर वाळतं, त्यामुळे बुरशीचे काळे ठिपके कमी पडावेत अशी आशा आहे.

आता बुडातून दोन नवे फुटवे आलेत. ते पक्के झाले की कमानवाली फांदी सोडून थोडी वर उचलणार आणि उभीलाही आडवं करणार. खुंटावरून, कलमाच्या खालून आलेला जंगली फुटवा मात्र लगेच मुळापासून उपटला.