दरवर्षी कळसूबाईच का?

"दरवर्षी कळसूबाईलाच का जाता? नवस बोललात का?" सोसायटीतल्या बायका विचारतात, ऑफिसात विचारतात. गेल्या महिन्यात भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंनीही विचारलं. दर वेळी "सवय झालीय हो" म्हणून मी वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर एका चहात संपणारं नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

नवस नाही. सर्वांत उंच शिखर म्हणूनही नाही. ते आहेच म्हणा, 1646 मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. पहिल्यांदा गेले ती त्या आकड्यासाठीच. 2009 चा डिसेंबर होता. ऑफिसातले आम्ही सात जण नाशिकहून घोटीमार्गे संध्याकाळच्या आत बारीला पोचलो. बारी हे पायथ्याचं गाव, अकोले तालुक्यातलं. भाताची कापणी होऊन गेली होती. ज्या घरी जेवणाचं सांगितलं होतं, त्यांनीच घरामागचं रिकामं खाचर तंबूंसाठी दिलं. कापलेल्या भाताचे बुडखे पाठीला टोचतील म्हणून त्या घरच्या मुलानं पेंढ्याचे भारे आणून पसरले आणि त्यावर आम्ही तंबू ठोकले. पेंढ्यावर झोपण्याची ऊब काय असते ते मला त्या रात्री कळलं. आजही मॅट नेते, पण पेंढा मागून घेतेच.

जेवण झालं. नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. पुरुषमंडळी शेकोटीकडे गेली. अंगणाच्या कडेला घरातली आजी चुलीतली राख घेऊन पातेली घासत बसली होती. सात पाहुण्यांची ताटं तिच्यापुढे. मला राहवेना, मी शेजारी बसून एक ताट ओढलं. "ऱ्हाऊ द्या ताई, तुमी पावण्या," ती म्हणाली. मग हात न थांबवता तिनं विचारलं, "उद्या जिच्याकडं चाललात ती कोण व्हती ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलेली गोष्ट अशी. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची हौस असलेली. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याला इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली होती: पडेल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितली, केर काढायला सांगितला. तिनं दोन्ही केलं. एक शब्द बोलली नाही. हातातलं काम पुरं केलं आणि चालू पडली ती डोंगराच्या माथ्यावर जाऊन थांबली. परत उतरली नाही. जिथं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जिथं केर काढला तो काळदरा.

आजीनं पातेलं पालथं घातलं, पाणी निथळू दिलं आणि म्हणाली, "येकदा सांगून ठिवल्यालं पुन्ना सांगाव लागू नाई." एवढंच. मग पुढचं पातेलं घेतलं.

त्या रात्री तंबूत मला झोप लागेना. आपल्याकडे बहुतेक देव्यांनी दैत्य मारलेले असतात. महिषासुर असतो, त्रिशूळ असतं, रक्त असतं. हिनं कुणाला मारलं नाही, शापही दिला नाही. तिच्या कथेत दैत्यच नाही, दिलेला शब्द विसरलेलं एक साधं घर आहे. आणि त्यासाठी या मुलखानं तिला घाटमाथ्याच्या सगळ्यात उंच जागी बसवलं. नवरात्रात जत्रेला आसपासच्या गावांतल्या बाया अनवाणी चढतात, खण-नारळ घेऊन. त्यांच्यातल्या बहुतेकींचे हात त्या दिवशीही पहाटे भांडी घासूनच निघालेले असणार.

घरी आल्यावर मी ही गोष्ट आईला सांगितली. आई मेथी निवडत होती. आमचं घर एकत्र कुटुंबाचं, पंगतीला बारा-चौदा माणसं ठरलेली. चाळीस वर्षांत आईला कुणी विचारलं नव्हतं की आज हे तू करशील का. ते गृहीतच होतं, आणि गृहीत धरणाऱ्यांत मीही होते. गोष्ट ऐकताना तिचा हात थांबला. "मग परत आलीच नाही ती?" "नाही." "बरं केलं," आई म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला घेऊन चल एकदा."

ते एकदा यायला सात वर्षं गेली. त्याची कारणं तुम्हाला तुमच्या घरावरून कळतील. 2016 मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, आई माझ्याबरोबर आणि माझ्या मुलीबरोबर चढली. जन्मात पहिल्यांदा तिनं सलवार घातली, नातीची. पायात कॅनव्हासचे बूट.

वाट सोपी नाही, पण चुकवणारीही नाही. बारीचा ओढा ओलांडला की शेतं, मग चढ, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि जिथं कातळ उभा होतो तिथं लोखंडी शिड्या. बाजूला जुन्या साखळ्या अजून आहेत. शिड्या नव्हत्या तेव्हा माणसं त्या धरून चढत. धडधाकट माणसाला तीन-चार तास पुरतात, आम्हाला सहा लागले. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिच्याजवळ बसून आईनं गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि मान वर करून त्या शिडीकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, इथूनच हात जोडेल. ती उठली. ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पहिल्या पायरीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. ती प्रत्येक पायरी आधी तळव्यानं चाचपायची, मग बोटं मिटायची, मग पाय. खाली माझी मुलगी, वर मी. मध्येच आई थांबली. माझ्या पोटात गोळा आला. "काय होतंय आई? चक्कर?" "काही नाही. थांब, बघू दे," ती म्हणाली. ती शिडीवरून मान वळवून खालचा मुलूख बघत होती.

माथा लहानसा आहे. देऊळ त्याहून लहान, आत जेमतेम तीन-चार माणसं मावतील एवढं. आईनं ओटी भरली, कपाळ टेकवलं, आणि बाहेर येऊन देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसली. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. मी बोट दाखवून सांगत होते: ते अलंग, मदन, कुलंग. तो रतनगड. आणि ते पाणी भंडारदऱ्याचं, 1926 साली बांधून झालेलं विल्सन धरण. "म्हणजे प्रवरा?" आईनं विचारलं. प्रवराच. रतनगडाकडून निघून या धरणात येते आणि पुढे संगमनेरवरून नेवाशाकडे जाते. आईचं माहेर संगमनेरचं. "आमच्या घाटावर हे पाणी यायचं होय," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. पाऊण तास बसली असेल. त्या पाऊण तासात तिनं कुणाला "तू खाल्लंस का", "पाणी प्यायलीस का" असं विचारलं नाही. हे माझ्या ध्यानात आलं ते उतरताना.

तेव्हापासून आमच्या तंबूंचा एक नियम आहे. जेवणाऱ्यानं आपलं ताट आपण घासायचं, आणि पातेली ज्याची पाळी त्यानं. राखही चालते, राखेनं उत्तम निघतात. पहिल्या वर्षी माझ्या भावानं सवयीनं ताट तसंच ठेवून दिलं होतं. कुणी काही बोललं नाही. ताट सकाळपर्यंत तिथंच होतं, दव पडलेलं. त्यानं ते उचललं आणि ओढ्यावरून पाणी आणायला गेला.

तुमच्यातले काही जण विचारतात, रात्री चढून माथ्यावर सूर्योदय बघावा का. माझं स्पष्ट मत आहे, शनिवारी रात्री जाऊ नका. एकदा आम्ही गेलो आणि एका मोठ्या ग्रुपच्या मागे शिडीखाली तासभर अडकलो. पन्नास-साठ माणसं, स्पीकरवर गाणी, आणि शिडीच्या मध्यावर घाबरून गोठलेला एक मुलगा, ज्याच्याकडे त्याच्या आयोजकाचं लक्षही नव्हतं. शेवटी आमच्यातल्या एकानं खाली उभं राहून त्याचा एकेक पाय पायरीवर ठेवून त्याला उतरवलं. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री बारीत मुक्काम करा आणि शनिवारी फटफटायला निघा. भर पावसात शिड्या निसरड्या होतात, तेव्हा नवख्यांनी तर जाऊच नये. तंबूही माथ्यावर नको. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, आणि वर टाकलेला कचरा कोण खाली आणतं ते मी पाहिलंय. शिवाय ती बाई ज्या कामाला नाही म्हणून वर गेली, तोच केर आपण तिच्या दारात टाकावा, हे मला सहन होत नाही.

मागच्या डिसेंबरातही गेलो. आईचे गुडघे आता शिडीचे राहिले नाहीत. चढ सुरू होण्याआधी खालीच देवीचं लहान देऊळ आहे, ज्यांना वर जमत नाही त्यांच्यासाठी. आई तिथं दर्शन घेऊन त्याच घरी परतली, आणि वरच्या ओटीचा खण-नारळ तिनं माझ्या पिशवीत दिला. ती राखेनं पातेली घासणारी आजी आता नाही. तिची सून सगळं बघते.

आम्ही उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आईला आमच्यासाठी ताटकळायला लागलं असेल म्हणून मी भरभर अंगणात आले. आई ओसरीवर बसली होती, शेजारी तिचं ताट, घासून पालथं घातलेलं. आयुष्यभर घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ती पानावर बसली नव्हती.

"गरम होतं, जेवून घेतलं," ती म्हणाली. मग विचारलं, "वर वारा होता का गं?"