नॉनस्टिक तवा घेताना मी काय बघते

आमचा आधीचा नॉनस्टिक तवा वर्षभरातच गेला, घावन मधोमध चिकटायला लागलं आणि एक दिवस उलटताना त्याला कोटिंगचा काळा पापुद्रा लागलेला दिसला, पोराच्या ताटात जाणार होतं ते, जीव घाबरला अगदी. म्हणून यावेळी दुकानात आधी हातात धरून वजन बघितलं, कारण पातळ पत्रा गॅसवर वाकतो, मध्ये फुगतो, तेल कडेला पळतं आणि मधलं कोटिंग जळतं. निदान ३ मिमी जाडीचा तरी घ्याच, ४ मिळाला तर उत्तम. इंडक्शन असेल तर तळाला लोहचुंबक चिकटतंय का बघा.

पण खरं टिकणं वापरण्यावर आहे हो. टेफ्लॉन, म्हणजे तव्यावरचं नॉनस्टिक कोटिंग, साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांतच तिथे पोचतो, त्यामुळे मध्यम आच, थेंबभर तेल, लाकडी उलथनं, आणि तापलेला तवा नळाखाली अजिबात धरायचा नाही. तारेची घासणी तर लांबच. भाकरी मी लोखंडी तव्यावरच करते, नॉनस्टिक फक्त घावन, धिरडी आणि ऑम्लेटला.