एक काम होतं

दुपारी भडंगासाठी लसूण सोलत बसले होते. पुतण्या चार दिवस पुण्याहून आलाय आणि त्याचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर थाटलंय. कानात ती पांढरी बोंडं, समोर लॅपटॉप आणि पलीकडं इंग्लंडातल्या लीड्स गावातली कुणी बाई. हा तिला म्हणाला, 'इफ इट्स नॉट टू मच ट्रबल, वुड यू बी एबल टू सेंड मी द फाइल?' आणि तेवढ्यात आपला आवाज बंद करून माझ्याकडं वळला, 'काकू, तेवढं दार लोट की. कुकरची शिट्टी जातीय तिकडं.'

मी दार लोटलं. बोटं पाकळ्या सोलत होती, डोक्यात शब्द मोजणं चाललं होतं. पंधरा. एका फायलीला पंधरा शब्द. दाराला चार, त्यातसुद्धा 'तेवढं' आणि 'की' हे नुसते तोंडी लावायला.

कॉल संपल्यावर विचारलं, 'कोण रे, मोठी साहेबीण होती का?'

'छे गं. माझ्याच हाताखाली आहे. आणि फाईल कालच द्यायची होती तिनं.'

आमच्या पिढीला इंग्रजी भेटलं ते पाचवीत, आणि त्यातला 'इफ' भेटला नववीत. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. अभ्यास केला असता तर पास झालो असतो. मी पक्षी असते तर. तिथं 'आय'पुढं 'वॉज' न येता 'वेअर' का येतं, हे विचारल्यावर सरांनी खडू फेकून मारला होता. अशी सगळी वाक्यं घोकून माझी पक्की समजूत झाली होती, की इंग्रजांनी 'इफ' हा शब्द हळहळायला ठेवलाय. त्याच्या आडून कुणाकडं काही मागता येतं, हे कुणी सांगितलंच नाही. मागायला आम्हाला 'प्लीज' होतं आणि 'काइंडली' होतं. रजेच्या अर्जात तर 'आय बेग टू स्टेट' असायचं. एका दिवसाच्या तापासाठी आम्ही भीक मागत होतो, आणि तेही झोकदार अक्षरात.

त्या प्लीजचीही गंमत आहे. 'इफ इट प्लीज यू', तुमची मर्जी असेल तर, याचं झिजून झिजून उरलेलं ते रूप. म्हणजे तिथंही मुळात 'जर' होताच, वापरून गुळगुळीत झाला इतकंच. आपल्या 'कृपया'ला झिजायचीसुद्धा संधी मिळाली नाही. तो एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून बाहेर पडलाच नाही कधी. घरात कुणी 'कृपया मीठ दे' म्हणालं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतील.

मराठी व्याकरणानं तर हा घोळच घातला नाही. आज्ञा, विनंती, उपदेश, आशीर्वाद, प्रार्थना, सगळी एकाच आज्ञार्थाच्या खोलीत. 'पोरी, पाणी दे' आणि 'देवा, मला चांगली बुद्धी दे' यांत क्रियापद तेच. देवालाही आपण अरे-तुरेच करतो, आणि त्याचं काही बिघडत नाही.

सांगलीत या आज्ञार्थाला एक शेपूट असतं, 'की'. बस की. घे की. ये की घरी. या 'की'त आर्जव असतं, थोडा हक्क असतो आणि 'जमत असेल तर' हेही असतं. हे मला वाटायचं जगभर कळतं. बँकेच्या ट्रेनिंगला पहिल्यांदा पुण्याला गेले, तेव्हा पीएमटीच्या बसमध्ये एका बाईंना म्हणाले, 'सरका की जरा.' बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी स्वारगेटपर्यंत उभीच राहिले. पुण्यातला 'की' भांडणातला असतो म्हणे. असेल.

पण इंग्रजीच्या जर-तरनं माझी जी फजिती केली, तशी पुण्यानंही केली नाही. मिरजेला मावशीकडून कोयना एक्स्प्रेसनं कराडला निघाले होते. मिरजेतच एक गोरा चढला, हातात लांबलचक काळी पेटी. सतारीची, हे कुणीही सांगितलं असतं. मिरजेला सतारी-तंबोरे घ्यायला लांबलांबचे लोक येतात. माझ्या शेजारी निम्मा बाक मोकळा. तो वाकून म्हणाला, 'वुड यू माइंड इफ आय पुट धिस हिअर?' मी त्यातलं 'पुट' आणि 'हिअर' तेवढं उचललं आणि पाहुणचारानं तोंडभरून म्हणाले, 'येस, येस!'

तो 'सॉरी' म्हणाला आणि समोर बसला. पेटी दोन गुडघ्यांत उभी धरून. सांगली गेली, किर्लोस्करवाडी गेली, माणूस पेटीला मिठी मारून बसलेला. मी आपली हसून हसून रिकाम्या बाकाकडं हात करतेय, तो आपला मान हलवून 'इट्स ओके' म्हणतोय. मला वाटलं, सतारीला फार जपतोय. कराड जवळ आल्यावर एका कॉलेजच्या पोरानं हळूच सांगितलं, 'मावशी, त्यानं विचारलं, ठेवली तर तुमची हरकत आहे का? आणि तुम्ही म्हणालात, आहे, आहे.' उतरताना त्या गोऱ्याकडं बघायची हिंमत झाली नाही. हो म्हणण्यासाठी 'नो' म्हणायचं, ही काय सभ्यता झाली?

पुतण्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग मलाच शिकवायला लागला. 'काकू, कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ, वुड म्हणजे विलचा. काही मागायचं झालं की ही माणसं एक पाऊल मागं सरकून भूतकाळात जाऊन उभी राहतात. आय वॉज वंडरिंग, म्हणजे मी विचार करत होतो. आत्ता करत नाहीये. म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.'

मी म्हटलं, काहीतरीच. आपल्यात नाही बाई असलं. एवढं मात्र खरं, की पाणी डोक्यावरून जायला लागलं की कुठल्याच भाषेत कुणी 'इफ' लावत नाही. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा गच्च्यांवरून बोटींना हाका येत होत्या त्या एवढ्याच, 'ओ, इकडं!'

रात्री भांडी आवरताना मात्र बँकेतलं काउंटर आठवलं. तीस वर्षं तिथं बसले. लोक यायचे, पासबुक पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, 'ताई, पैसे काढायचे होते.' आमचा एक सहकारी टिंगल करायचा, 'होते म्हणजे? आता नाहीत ना काढायचे? मग जावा घरी.' मीही हसायचे त्याच्याबरोबर. अक्षरओळख नसलेली एखादी म्हातारी पदराची गाठ सोडत म्हणायची, 'चिठ्ठी भरून पाहिजे होती.' आपलेच पैसे, आपलंच खातं, आणि सगळ्यांची गरज भूतकाळात.

आणि अण्णा.

मी दुसरी-तिसरीत असेन. दादाला पुण्याला कॉलेजात पाठवायचं ठरत होतं. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. एका संध्याकाळी धुतलेला सदरा घालून मला म्हणाले, चल फिरून येऊ. आयर्विन पूल ओलांडून आम्ही सांगलवाडीला एका ओळखीच्यांच्या वाड्यावर गेलो. हळदीचे मोठे व्यापारी. सोप्यात हळदीचा असा दाट वास की जिभेवर चव यावी. मला बत्तासा मिळाला. अण्णा नदीच्या पाण्याबद्दल बोलले, हळदीच्या दराबद्दल बोलले, त्यांच्या धाकट्याच्या गणिताबद्दल बोलले. चहा झाला. सुपारी झाली. मग उठले, चपला पायांत सरकवल्या, उंबऱ्याशी थांबले आणि म्हणाले, 'तुमच्याकडं एक काम होतं.'

'बोला की मास्तर.'

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी बत्तासा चोखत होते. एक अंगठा सदऱ्याच्या खालच्या बटणावर फिरत होता त्यांचा, घालत-काढत.

'काही नाही,' ते म्हणाले. 'येतो परत कधीतरी. जमलं तर.'

ते परत गेले नाहीत. दादाचं पुण्याला जायचं त्या वर्षी राहिलं, मग राहूनच गेलं. तो पेठेत एका दुकानात वह्या लिहायला लागला आणि अक्षर चांगलं म्हणून तिथंच टिकला.

येताना पुलावर वारा सुटला होता. अण्णा माझं बोट धरून भराभर चालत होते. मी विचारलं, 'अण्णा, त्यांच्याकडं काय काम होतं?'

'होतं,' अण्णा म्हणाले.